फेंगशुई करायचीय, पण कुठली? फॉर्म स्कूल, एट मॅन्शन्स की फ्लाइंग स्टार

घर घ्यायचं ठरलं किंवा घेऊन झालं आणि आता फेंगशुई, म्हणजे घराची जागा आणि मांडणी बघायची चिनी विद्या, बघायचीय म्हटलं की गोंधळ सुरू होतो. एक कन्सल्टंट म्हणतो बेडचं डोकं आग्नेयेला करा, दुसरा म्हणतो यंदा त्या बाजूला हातच लावू नका, आणि तिसरा होकायंत्र न काढताच दारात उभा राहून लांबचा डावा कोपरा दाखवतो आणि म्हणतो हा तुमचा पैशाचा कोपरा. तिघं तीन वेगळ्या पद्धती वापरत असतात, पण हे आपल्याला कोणी सांगतच नाही. माझं मत आधीच सांगून टाकते: घर अजून घ्यायचं असेल तर फॉर्म स्कूल सगळ्यात आधी, आणि एट मॅन्शन्स, फ्लाइंग स्टार या होकायंत्राच्या पद्धतींपैकी एकच निवडा, खिचडी करू नका.

फॉर्म स्कूल म्हणजे जागेचा आकार बघणं. डोंगर, पाणी, रस्ते, आजूबाजूच्या इमारती. या परंपरेचं नाव थांग राजवटीतल्या यांग युनसोंग या गुरूशी आणि च्यांगशी प्रांताशी जोडलेलं आहे, तिथलं सानल्याओ गाव आजही फेंगशुईवाल्यांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं, आणि बीजिंगजवळच्या मिंग सम्राटांच्या थडग्यांची जागा ज्याने निवडली असं सांगतात तो ल्याओ च्युनछिंग याच गावचा. मूळ विचार त्याहून जुना, क्वो फू (276 ते 324) याच्या नावावर असलेल्या ग्रंथातला: 'ची', म्हणजे जमिनीतून आणि हवेतून वाहणारी जीवनशक्ती, वाऱ्याने विखुरते आणि पाणी आलं की थांबते. मग जागा अशी हवी जिथे वारा अडेल आणि पाणी जवळ असेल. पाठीशी उंच डोंगर म्हणजे काळं कासव, डाव्या हाताला हिरवा ड्रॅगन, उजव्या हाताला पांढरा वाघ, समोर मोकळं अंगण आणि पलीकडे लांबवर एखादी बुटकी टेकडी म्हणजे लाल पक्षी. हे डावं-उजवं घरातून बाहेर बघताना धरायचं, बाहेरून घराकडे बघताना नाही, इथे भले भले चुकतात. ड्रॅगनची बाजू वाघापेक्षा थोडी उंच असलेली चांगली.

बीजिंगच्या राजवाड्यामागची चिंगशान टेकडी माणसांनी रचलेली आहे, खंदक खणताना निघालेली माती उत्तरेला टाकून, कारण पाठीशी डोंगर हवाच होता. राजवाडा 1420 साली पूर्ण झाला आणि सहाशे वर्षांनी आजही ती टेकडी उत्तरेचा गार वारा अडवत उभी आहे. हाँगकाँगच्या न्यू टेरिटरीजमधल्या जुन्या गावांच्या मागे फेंगशुईची राखीव झाडी असते, पिढ्यान्‌पिढ्या तिला कोणी कुऱ्हाड लावली नाही, आणि ती झाडी उतारावरची माती धरून ठेवते, वादळी वारा अडवते, उन्हाळ्यात सावली देते. मला फॉर्म स्कूल आवडतं ते यासाठीच, की 'ची' मानली नाही तरी त्यातलं निम्मं आपल्या डोळ्यांना पटतं.

शहरात डोंगराच्या जागी इमारती धरतात आणि नदीच्या जागी रस्ते. रस्ता सरळ येऊन तुमच्याच दारावर संपत असेल तर वाईट. रस्ता वळत असेल तर वळणाच्या आतल्या बाजूचं घर चांगलं, त्याला कमरेचा जेडचा पट्टा म्हणतात, आणि बाहेरच्या बाजूचं वाईट, ते उलटं धनुष्य. बाहेरच्या बाजूला रात्री प्रत्येक गाडीचा हेडलाइट तुमच्या खिडकीत येणार आणि ब्रेक फेल झालेली गाडी तुमच्याच भिंतीवर येणार, हे कळायला कुठलंही होकायंत्र लागत नाही. दोन उंच टॉवरमधली अरुंद फट बरोब्बर तुमच्या खिडकीसमोर असेल तर तेही टाळतात, कारण त्या फटीतून वारा जोरात घुसतो. समोरच्या इमारतीची धारदार कड आपल्यावर रोखलेली असेल तर त्याला 'शा' म्हणतात, आणि याचं गाजलेलं उदाहरण हाँगकाँगच्या सेंट्रल भागातलं आहे. 1990 साली उघडलेल्या बँक ऑफ चायना टॉवरच्या त्रिकोणी कडांवरून लोकांनी खूप आरडाओरडा केला, आणि शेजारच्या एचएसबीसीच्या गच्चीवरच्या मेंटेनन्स क्रेन त्या टॉवरवर रोखलेल्या तोफांसारख्या दिसतात, त्या त्याच्याच उत्तरासाठी आहेत असं तिथले लोक आजही सांगतात.

आता उणी बाजू. फॉर्म स्कूल घर निवडताना सोन्यासारखं आहे, पण घर घेऊन झालं की समोरचा रस्ता आणि शेजारचा टॉवर तुम्ही हलवू शकत नाही. आतल्या गोष्टी तेवढ्या हातात राहतात, म्हणजे बेडवर बीम नको, बेडच्या पाठीशी भक्कम भिंत हवी, मेन डोअर उघडल्यावर नजर सरळ बाल्कनीतून बाहेर जात असेल तर मध्ये एखादं पार्टिशन टाका. कोणी कुठल्या खोलीत झोपायचं हे मात्र ही पद्धत सांगत नाही.

ते सांगते एट मॅन्शन्स, बेडचं डोकं आग्नेयेला करा म्हणणाऱ्या पहिल्या कन्सल्टंटची पद्धत. हिला लागतं लुओपान हे चिनी होकायंत्र, ज्यात वर्तुळाचे 24 भाग असतात, प्रत्येक 15 अंशांचा, शिवाय तुमचं जन्मवर्ष. जन्मवर्षावरून कुआ नंबर निघतो, म्हणजे तुमच्या चांगल्या दिशा कुठल्या ते ठरवणारा आकडा. 2000 च्या आधी जन्मलेल्यांसाठी वर्षाचे शेवटचे दोन आकडे मिळवून एक आकडा करायचा, पुरुषाचा असेल तर तो 10 मधून वजा, बाईचा असेल तर त्यात 5 मिळवायचे. समजा नवरा 1984 चा, 8 आणि 4 बारा, म्हणजे 3, दहातून गेले तर उरले 7. बायको 1986 ची, 8 आणि 6 चौदा, म्हणजे 5, अधिक 5 दहा, म्हणजे 1. उत्तर पाच आलं तर पुरुषाला 2 आणि बाईला 8 धरतात. वर्ष साधारण 4 फेब्रुवारीला बदलतं, त्यामुळे जानेवारीत जन्मलेल्यांनी आधीचं वर्ष धरायचं. 1, 3, 4, 9 हा पूर्व गट, त्यांना उत्तर, दक्षिण, पूर्व, आग्नेय चांगल्या. बाकीचे पश्चिम गटातले, त्यांना पश्चिम, वायव्य, नैऋत्य, ईशान्य. म्हणजे वरचं जोडपं दोन वेगळ्या गटात गेलं आणि एकाच बेडवर झोपायचंय! यावर कोणी म्हणतं कमावत्या माणसाचं बघा, कोणी म्हणतं ज्याची तब्येत नाजूक त्याचं बघा, ठरलेलं उत्तर नाही.

तरी ही पद्धत सोपी आहे, स्वतःची स्वतः करता येते, आणि एकदा बेड आणि टेबल लावलं की दरवर्षी हलवायची गरज नाही. बीजिंगच्या जुन्या चौकवाड्यांत, ज्यांना सिहेयुआन म्हणतात, मुख्य घर उत्तरेला बसलेलं दक्षिणेकडे तोंड करून असतं आणि वाड्याचं फाटक मधोमध नसून आग्नेय कोपऱ्यात असतं, कारण या पद्धतीत माणसासारख्या घराच्याही शुभ दिशा असतात, आणि तशा घराची सगळ्यात शुभ दिशा आग्नेय. त्या फाटकातून आत शिरलं की समोर भिंतीचा आडोसा येतो, रस्त्यावरच्या माणसाला थेट अंगण दिसत नाही. दिशा आणि आकार दोन्ही एकाच दारात नीट बसवलेत.

फ्लाइंग स्टार सगळ्यात किचकट. इथे माणसापेक्षा घराचा काळ महत्त्वाचा. काळाचे 20-20 वर्षांचे नऊ टप्पे, मिळून 180 वर्षं, आठवा टप्पा 2004 ते 2023, आणि फेब्रुवारी 2024 पासून नववा चालू झाला तो 2043 पर्यंत. घराचं तोंड आणि टप्पा यावरून नऊ खणांचा चार्ट मांडतात, त्या खणांतल्या 1 ते 9 आकड्यांनाच तारे म्हणतात, शिवाय दर वर्षीचे तारे वेगळे फिरतात. त्यातला पाच नंबरचा पिवळा तारा त्रासदायक मानतात, तो 2025 ला ईशान्येत होता, 2026 ला दक्षिणेत, आणि तो असेल तिथे खोदकाम, तोडफोड करत नाहीत. सुरुवातीचा तो 'यंदा हात लावू नका' म्हणणारा कन्सल्टंट हाच. दुकान किंवा ऑफिस असेल, रिनोव्हेशन कधी सुरू करायचं हा प्रश्न असेल, तर ही पद्धत कामाची, कारण वेळेबद्दल बोलणारी हीच. पण राहत्या घरासाठी दर वर्षी काहीतरी हलवत बसायचं हे बहुतेकांना झेपत नाही. शिवाय गुरूंचेच मतभेद, कोणी इमारत बांधून झाली ते वर्ष धरतं, कोणी तुम्ही राहायला आलात ते, आणि त्याने अख्खा चार्ट बदलतो.

होकायंत्राच्या दोन्ही पद्धतींची खरी अडचण उंच टॉवरमध्ये येते. घराचं तोंड म्हणजे नक्की काय? फ्लॅटचं दार, बिल्डिंगचं गेट की बाल्कनी? आणि रीडिंग घेताना लोखंडी सेफ्टी डोअर, लिफ्ट, भिंतीतलं स्टील सगळं सुईला ओढतं, मोबाइलच्या कंपासचं तर विचारूच नका. दारात एक, दोन पावलं मागे एक, बाहेर मोकळ्यावर एक अशी रीडिंग घ्या आणि जुळतात का बघा. आकडा दोन भागांच्या सीमेवर येत असेल तर एखाद-दुसऱ्या अंशाने निकाल फिरतो, अशा घरात मी तरी होकायंत्राच्या सल्ल्यावर भिंत पाडणार नाही.

दारातून डावा कोपरा दाखवणारी ती तिसऱ्या कन्सल्टंटची पद्धत लिन युन या गुरूंच्या ब्लॅक हॅट पंथाची, 1980 च्या दशकात अमेरिकेत पसरलेली. दिशा न बघता बागुआचा नकाशा, म्हणजे घराचा कुठला भाग पैशाचा, कुठला नात्यांचा हे दाखवणारी चौकट, दाराच्या भिंतीला जुळवतात. भाड्याचं घर, तोडफोड शक्य नाही, मनाला थोडी उभारी हवी, तर करा, त्यात नुकसान नाही. फक्त ती हजार वर्षांची परंपरा म्हणून कोणी विकत असेल तर ते खरं नाही. आपल्याकडे गिफ्ट शॉपमध्ये मिळणारे लाफिंग बुद्धा आणि तीन पायांचा बेडूक हेही शुभचिन्हं म्हणून ठीक, घर वाईट जागी असेल तर बेडूक काही करत नाही.

मराठी घरात आणखी एक पेच असतो, वास्तुशास्त्र. आपल्याकडे दक्षिणमुखी म्हटलं की आई-बाबा फ्लॅट बघायलाही येत नाहीत, आणि चिनी परंपरेत दक्षिणेकडे तोंड म्हणजे सगळ्यात उत्तम, कारण उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात उत्तरेचा वारा हाडं गोठवतो आणि कोवळं ऊन दक्षिणेकडून येतं. ते तिथल्या हवेला बरोबर आहे. मुंबई-पुण्यात घर असेल आणि घरचे वास्तु मानत असतील तर दिशा वास्तुप्रमाणेच ठेवा, आणि फेंगशुईतून फक्त फॉर्म घ्या, रस्ता, वळण, पाठीची भिंत, समोरची मोकळीक, त्यात दोन्हींचं भांडण होत नाही. सिंगापूर, हाँगकाँगला राहणारे असाल आणि पुढे फ्लॅट विकायचा असेल तर मात्र फॉर्म नक्कीच बघा, तिथला गिऱ्हाईक ते बघतोच.

कन्सल्टंट बोलवणार असाल तर फोनवरच विचारा की कुठली पद्धत वापरता, टॉवरमध्ये घराचं तोंड कशावरून ठरवता आणि बाहेरचा परिसर चालत फिरून बघणार का. हाँगकाँगमध्ये बरेच जण स्क्वेअर फुटावर फी घेतात, त्यामुळे आकडा आधी पक्का करून घ्या, वस्तूंचे पैसे वेगळे आहेत का तेही. नुसता फ्लोअर प्लॅन व्हॉट्सॲपवर मागवून बाहेर न बघता सल्ला देत असेल तर मी पैसे देणार नाही, कारण रस्ता आणि समोरचा टॉवर प्लॅनमध्ये दिसत नाही.