पोराला आत्ताच डॉक्टरकडं दाखवायचं की वर्षभर थांबायचं?

आमचं धाकटं दुसरीत, वर्गात पाच मिनिटं बूड टेकत नाही, बाईंनी वहीत तिसऱ्यांदा शेरा लिहिला आणि घरात दोन पार्ट्या पडल्या. सासूबाई म्हणतात थांबा, ह्याचा बाप पण असाच होता, दिवसभर रंकाळ्यावर. थांबण्यात तथ्य आहेच, वर्गातलं सगळ्यात लहान पोरगं नुसतं वयानं कच्चं असू शकतंय, आणि एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चुळबुळ असा त्रास) म्हणायला लक्षणं निदान 6 महिने आणि घर, शाळा अशा दोन ठिकाणी तरी दिसावी लागतात. पण आमचं घरी पण तसंच की! परवा पांढऱ्या रश्श्याची वाटी घेऊन सोफ्यावर चढलं, निम्मा रस्सा उशीवर.

तपासणीला मी लई भ्यायलेले, शिक्का बसंल म्हणून. पण हे कळायला रक्ताची टेस्ट, स्कॅन असलं काय नसतंय, आईबापाशी बोलतात, बाईंकडून फॉर्म भरून घेतात, कान-डोळे, झोप पण बघतात, कारण नीट ऐकू न येणारं पोरगं पण असंच चुळबुळ करतंय. आणि तपासलं म्हणजे लगेच गोळी असं पण नाही. थांबलो तर रोजचा ओरडा मात्र त्यालाच. सोमवारची वेळ घेतलीय, सासूबाईंना अजून सांगितलं नाही.