हजेरी-प्रॉडक्शन ॲप: मालकासाठी चार स्टार, कामगारासाठी दीड

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं ऑफिस मी बघतो, हजेरी, पगार, पीएफ सगळं माझ्याकडंच. मालकांनी मागं एक ॲप घेतलं, चेहरा दाखवून हजेरी लावायची आणि कुठल्या लूमवर, म्हणजे मागावर, किती माल निघाला ते पण त्यातच. नाव लिहीत नाही, तसं पण ही सगळी ॲप थोड्याफार फरकानं सारखीच.

आधी चांगलं सांगतो. मुकादमाची वही गेली. वहीत काय चालायचं ते इथल्या माणसाला सांगायला नको, ज्याच्याशी पटतंय त्याला दहा मिनिटं माफ आणि ज्याच्याशी वाजलंय त्याचा अर्धा दिवस गेला, आणि महिन्याच्या शेवटी भांडायला गेलं तर वही मुकादमाच्याच हातात. नंतर अंगठ्याचं मशीन आलं तर जुन्या विणकरांची बोटं इतकी घासलेली की ठसाच लागायचा नाही. आता कॅमेऱ्यापुढं उभं राहिलं की झालं. आमच्या ऑफिसपुरतं बोलायचं तर लई सोपं झालं, पगारपत्रक एका दुपारीत निघतं.

पण वहीतली ती ताकद काय कुठं गेली नाही, ती ॲडमिन लॉगिनमधे जाऊन बसली.

लूम थांबला की ॲप कारण विचारतं. लिस्ट काय तर ऑपरेटर जागेवर नाही, चहा, मशीन बिघाड, इतर. आता टॉवेलचा लूम कशानं थांबतो? धागा तुटतो, लाईट जाते, जॉबर, म्हणजे लूम दुरुस्त करणारा, दुसऱ्या लूमवर अडकलेला असतो, नाहीतर बीमच, म्हणजे ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळच, आलेला नसतो. बीम वेळेवर न येणं हे सरळसरळ ऑफिसचं काम चुकलं, पण त्याला ऑप्शनच नाही, मग ते सगळं 'इतर'मधे जातं आणि रिपोर्टमधे कामगाराच्या नावापुढं लाल होऊन येतं. मजुरी पीसवर, म्हणजे लूम उभा राहिला की त्याचे पैसे तसेही गेले, वर हा डाग. आधी मुकादमापुढं उभं राहून "बीमच नाही तर विणू काय बे" असं तोंडावर म्हणता यायचं. ही लिस्ट कुणी केली तर विकणाऱ्यानं आणि मालकानं बसून, लूमवरच्या एकालाही विचारलं नाही.

मुकादमाचं पण काही खरं राहिलं नाही हां. मालक रात्री जेवताना मोबाईलवर लाल ठिपके बघतात आणि लगेच फोन, अमुक नंबर का उभाय. आधी तो खालच्यांना दम द्यायचा, आता दिवसभर वरच्यांना हिशोब देतो.

सेटिंगमधे अजून एक गंमत होती, दहा मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस आपोआप कट, आणि हे आधीपासूनच चालू करून दिलेलं. १९३६ च्या वेतन कायद्यात स्पष्ट होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेत पण तेच आहे, माणूस जेवढा वेळ गैरहजर त्या प्रमाणातच कापायचं, जास्त नाही. ॲपला कायद्याशी काय देणंघेणं, एक टिक आणि सगळ्यांना लागू. मी ते बंद करायला लावलं.

भाषा तर विचारूच नका. आमच्याकडं निम्मे लोक घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, ॲपमधे इंग्रजी, हिंदी आणि अर्धवट मराठी. पगाराची स्लिप पोरांकडून वाचून घेतात.

आता मुद्द्याचं. पीएफचं बघा, २०१४ ला यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, आला आणि आता उमंग या सरकारी ॲपवर कामगार स्वतःच पासबुक उघडतो, मालकानं कुठल्या महिन्याचे भरले कुठल्या नाही ते त्याला कळतं. आमच्यातले दोघंतिघं मोबाईल घेऊनच ऑफिसात येतात, "साहेब, मागच्या महिन्याचं दिसंना". तिथं मला उत्तर द्यावंच लागतं. ते पण कॉम्प्युटरचंच काम आणि हे पण, फरक एवढाच की तिथं त्याला स्वतःचं खातं दिसतं. आमच्या ॲपमधे कामगाराचं लॉगिन देता येतं, पण बंद होतं. विकायला आलेल्या पोराला विचारलं तर म्हणतो, "देता येतं सर, पण नका देऊ, वाद वाढतात". वा रे वा! आणि हजेरी नंतर कुणी बदलली त्याची नोंद पाहिजे तर म्हणे महागडा प्लॅन घ्या. म्हणजे मी बसल्या जागी कुणाचाही ओव्हरटाईम खोडू शकतो आणि कुणाला पत्ता लागणार नाही. मी खोडत नाही, पण उद्या माझ्या खुर्चीत कोण बसेल काय सांगावं.

घ्यायचं असेल तर डेमोला ॲडमिनची स्क्रीन बघून खूश होऊ नका, कामगाराच्या लॉगिननं काय दिसतं ते उघडून दाखव म्हणा. बदलाची नोंद साध्या प्लॅनमधेच मागा. आणि लूम थांबायच्या कारणांची लिस्ट विणकरांना बरोबर बसवून करा, अर्ध्या तासाचं काम आहे. सपोर्ट बरा आहे, फोन उचलतात.

आमच्याकडं लई बोलून झाल्यावर हजेरी आता कामगारांना मोबाईलवर दिसते. प्रॉडक्शनचं अजून बंदच आहे, मालक म्हणतात दिवाळीनंतर बघू.