आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) ग्राफिक्स कार्ड: नऊ महिने ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये राबवल्यानंतर

रात्री अ‍ॅनिमेशन रेंडरला (सीनमधून अंतिम चित्रं बनवायला) लावून झोपले आणि सकाळी बघते तर २१२व्या फ्रेमवर सगळं ठप्प. जीपीयूची, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची, मेमरी संपली होती. जुन्या ६ जीबीच्या कार्डावर हे तिसऱ्यांदा झालं तेव्हा कार्ड बदलायचं ठरवलं. मी घरांच्या अंतर्भागाचे सीन करते, रेंडर सायकल्सवर, म्हणजे ब्लेंडरच्याच रेंडर इंजिनवर. हा अनुभव त्याच कामाचा आहे. गेम मी क्वचित खेळते, त्याबद्दल बोलत नाही.

निवडताना ३०६० टीआयचा मोह होता. त्यात ४८६४ कूडा कोअर (गणितं करणारे छोटे भाग), साध्या ३०६० मध्ये ३५८४. वेगात टीआय सरळ पुढे आहे. पण त्यात मेमरी ८ जीबी आणि यात १२. धाकट्या कार्डाला मेमरी जास्त कशी, याचं मला नवल वाटलं होतं. कारण असं: ३०६०चा मेमरी बस (चिप आणि मेमरीमधला डेटाचा रस्ता) १९२ बिटचा, म्हणजे ३२ बिटच्या सहा वाटा. प्रत्येक वाटेवर १ जीबीची चिप लावली तर ६ जीबी होतात, २ जीबीची लावली तर १२. मी १२ घेतलं आणि आजपर्यंत पस्तावले नाही. रेंडर हळू चाललं तर थांबता येतं. सीन मेमरीत मावला नाही, तर सायकल्स उरलेला भाग साध्या रॅममध्ये ठेवून बघतं. मग वेग कोसळतो, आणि तिथेही जमलं नाही की रेंडरच पडतं.

मेमरी जाते कुठे, हे मला या कार्डावर नीट कळलं. डिस्कवर ४के टेक्स्चरची (वस्तूवर चढवायच्या चित्राची) जेपीजी फाइल काही एमबीचीच असते. कार्डावर मात्र ती पूर्ण उलगडून बसते: ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेल, पिक्सेलमागे ४ बाइट, म्हणजे ६४ एमबी. तीच ८के असेल तर २५६. माझ्या एका सीनमध्ये कोपऱ्यातल्या टेबलाला ८के रंगाचा आणि ८के नॉर्मलचा (पृष्ठभागाचा उंचसखलपणा भासवणारा) नकाशा होता. चित्रात अंगठ्याएवढं दिसणारं ते टेबल एकटं ५१२ एमबी खात होतं! दोन्ही नकाशे २के केले, चित्रात तसूभरही फरक नाही. खुर्च्यांचंही तसंच. शिफ्ट-डीने प्रत काढली की मेश (वस्तूच्या आकाराची जाळी) नव्याने साठतो, ऑल्ट-डीने काढली की सगळ्या खुर्च्या एकाच मेशवर चालतात. आता रेंडर लावण्याआधी एनव्हिडिया-एसएमआय (कार्डाचा वापर दाखवणारी सोय) उघडून १२२८८ एमबीपैकी किती भरलंय ते बघते आणि ब्राउझर बंद करते, कारण तोही थोडी जागा अडवतो.

घेणाऱ्यांनी एक बघाच. ३०६० नावाचंच ८ जीबीचं कार्डही २०२२ मध्ये आलं. त्याचा बस १२८ बिटचा, बँडविड्थ (मेमरीतून डेटा ये-जा करण्याचा वेग) ३६० ऐवजी २४० जीबी प्रति सेकंद. खोक्यावरचा आकडा वाचल्याशिवाय घेऊ नका.

तक्रार आहे ती आवाजाची. माझ्या कार्डाचे पंखे पूर्ण वेगाने फिरले की खोलीत बसवत नाही, शिवाय लोड आला की कॉइलची बारीक किरकिर. यावर उपाय सापडला तो पॉवर लिमिटचा, म्हणजे कार्डाने जास्तीत जास्त किती वीज घ्यायची त्या मर्यादेचा. मूळ १७० वॉट होतं, ते १३० वर आणलं. फ्रेममागे थोडेच सेकंद वाढले, पंखे शांत झाले, किरकिर जवळजवळ गेली. रात्रभर रेंडर लावणाऱ्या प्रत्येकाने हे करून बघावं.

डीनॉइजर (रेंडरमधले दाणेदार ठिपके पुसणारी सोय) दोन्ही वापरले. एनव्हिडियाच्या ऑप्टिक्सचा झटपट आहे, म्हणून व्ह्यूपोर्टमध्ये (काम करताना सीन दिसतो त्या खिडकीत) प्रकाश लावताना तोच. शेवटच्या चित्राला मात्र इंटेलचा ओपन इमेज डीनॉइज; लाकडाच्या रेषा आणि कापडाची वीण त्याने जास्त शाबूत राहते. ब्लेंडर ४.१ पासून तोही जीपीयूवर चालतो, त्यामुळे पूर्वीसारखी प्रोसेसरची वाट बघावी लागत नाही.

व्हिडिओचं काम असेल तर लक्षात ठेवा: हे कार्ड एव्ही१ (व्हिडिओ दाबून साठवायचा एक प्रकार) व्हिडिओ डीकोड करतं, म्हणजे चालवून दाखवतं, पण एन्कोड नाही, म्हणजे त्या प्रकारात बनवत नाही. मला एच.२६५ हा दुसरा प्रकार पुरतो.

सध्या खिडकीबाहेर बाग असलेला सीन चालू आहे आणि आकडा ११ जीबीच्या पुढे गेलाय. काचेतून जेमतेम दिसणाऱ्या झाडांच्या पानांना ४के टेक्स्चर आहेत. आज ती १के करायला घेतली आहेत.