‘म्हाका विचार’ : फोंड्यातील एका खाणावळीविषयी

गोव्यात फोंड्याच्या कदंब बसस्थानकापासून चालत पाच-सात मिनिटांवर असलेल्या या खाणावळीत माझा धाकटा भाऊ आणि मी गेली दोन वर्षे जवळजवळ प्रत्येक शनिवारी दुपारी जेवतो. भाऊ ३१ वर्षांचा आहे आणि त्याला डाउन सिंड्रोम आहे. खाणावळीचे नाव येथे द्यावे का, असे मी त्याला विचारले तेव्हा त्याने जरा वेळ घेऊन ‘‘नाका, मागीर गर्दी जातली’’ (नको, मग गर्दी होईल) असे कोकणीत उत्तर दिले. त्यामुळे नाव देत नाही.

आधी जेवणाविषयी. थाळीत उकड्या तांदळाचा भात, हुमण (माशाची आमटी), किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), एक भाजी, सोलकढी आणि तळलेल्या माशाचा एक तुकडा असतो. बांगड्याच्या हुमणात तिरफळे ठेचून आणि बेताने घातलेली असतात, वाटण खरखरीत नसते, आणि सोलकढी आमसुलाचीच असते, रंग आणून गुलाबी केलेली नसते. किसमूर मात्र सकाळीच कालवून ठेवत असावेत, कारण दीड वाजेपर्यंत सुकी सुंगटे (कोळंबी) मऊ पडतात आणि त्या पदार्थाची सगळी गंमत जाते. एकदा आम्ही सोमवारी गेलो होतो, तेव्हाचे अळसांद्यांचे तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची रस्साभाजी) मला इथल्या कोणत्याही माशापेक्षा अधिक आवडले.

इतके चांगले जेवण फोंड्यात आणखी चार ठिकाणी मिळते. हा अभिप्राय लिहिण्याचे कारण वेगळे आहे.

पहिल्या दिवशी वेटरने माझी मागणी लिहून घेतली आणि भावाकडे हनुवटीने खूण करून मलाच विचारले, ‘‘ताका कितें जाय?’’ (त्याला काय हवे?) असे सगळीकडेच होते, आणि इतकी वर्षे मीही सवयीने उत्तर देत आले होते. त्या दिवशी भावाने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला आणि वेटरकडे पाहून म्हटले, ‘‘म्हाका विचार.’’ म्हणजे, मला विचार. वेटर गोंधळला, मी त्याहून अधिक गोंधळले. पण गल्ल्यावर बसलेल्या मालकांनी ते ऐकले, ते उठून आमच्या टेबलाशी आले आणि भावाला त्यांनी स्वतः विचारले. त्याने ठरवायला तीन-चार मिनिटे घेतली, मध्ये एकदा विचार बदलला, आणि मालक तोवर उभे राहिले. दुपारी दीड वाजता, सगळी टेबले भरलेली असताना, एखाद्या खाणावळवाल्याने चार मिनिटे उभे राहणे ही साधी गोष्ट नाही.

हे वाक्य भाऊ घरी शिकला नव्हता. बौद्धिक दिव्यांग प्रौढांच्या एका लहानशा गटात तो शनिवारी सकाळी जातो आणि तेथून आम्ही थेट जेवायला येतो. त्या गटात नकार कसा द्यावा, डॉक्टरांना दुखणे स्वतः कसे सांगावे, बैठक चालवताना प्रत्येकाची पाळी कशी यावी, याचा सराव चालतो. मदतीला एक बाई असतात, पण त्यांनी शक्य तितके गप्प बसावे असा तिथला नियम आहे. याला सेल्फ-ॲडव्होकसी म्हणतात, म्हणजे आपली बाजू आपणच मांडणे. स्वीडनमध्ये १९६० च्या दशकात अशा व्यक्तींचे क्लब निघाले आणि आपल्या सुट्टीचे, कामाचे, राहण्याचे काय व्हावे हे तेथील सभासद स्वतः ठरवू लागले. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेतील ओरेगन राज्यात ‘पीपल फर्स्ट’ ही संघटना उभी राहिली. ‘आम्ही आधी माणसे आहोत’ हे तिच्या नावातच आहे, आणि ते नाव सभासदांनी स्वतः ठरवले होते.

आपल्याकडे कायदा याच बाजूचा आहे. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला मान्यता दिली आणि त्यानुसार झालेल्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम १३ मध्ये दिव्यांग व्यक्तीला आपले आर्थिक व्यवहार इतरांच्या बरोबरीने सांभाळण्याचा हक्क आहे. प्रत्यक्षात एका बँकेच्या शाखेत भावाचे बचत खाते उघडायला गेलो तेव्हा अधिकाऱ्याने पहिला प्रश्न पालकत्वाच्या कागदाविषयी केला, आणि तोही मला केला. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली प्रौढ व्यक्तीसाठीही पालक नेमता येतो. पण नेमता येतो याचा अर्थ नेमलाच पाहिजे असा होत नाही, हे समजावण्यात आमच्या तीन फेऱ्या झाल्या. बँकेला जे तीन फेऱ्यांत कळले, ते या मालकांना टेबलाशी उभे राहून कळले होते, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

त्यानंतर महिन्याभरात खाणावळीत चित्रांचा मेन्यू आला. एका मोठ्या, प्लास्टिकचे आवरण घातलेल्या कागदावर प्रत्येक पदार्थाचा त्यांच्याच स्वयंपाकघरात काढलेला फोटो, खाली ठळक मराठीत नाव आणि किंमत. सोप्या वाचनासाठी ‘इन्क्लूजन युरोप’ या संस्थेने जे निकष केले आहेत त्यांत अक्षराचा आकार किमान १४ पॉइंट असावा, एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी, अशा सूचना आहेत. मात्र ज्यांच्यासाठी मजकूर करायचा त्यांना करतानाच सोबत घ्यावे, ही त्यांतली सर्वांत महत्त्वाची सूचना. मालकांनी ते निकष वाचले असण्याची शक्यता नाही, आणि पहिला मेन्यू कोणाला न विचारताच छापला गेला. त्याचा परिणाम जूनमध्ये दिसला. १ जून ते ३१ जुलै या काळात ट्रॉलरची मासेमारी बंद असते आणि इसवण (सुरमई) सहसा मिळत नाही, पण कागदावर इसवणाचा तुकडा रव्यात तळून तसाच चकाकत होता. भावाने त्यावर बोट ठेवले, ‘‘ना’’ असे उत्तर आले. पुढच्या शनिवारीही तेच झाले. तिसऱ्या शनिवारी त्याने आमच्या आईच्या आरशावरचे टिकल्यांचे पाकीट खिशातून नेले, एक लाल टिकली इसवणाच्या फोटोवर चिकटवली आणि उरलेले पाकीट मालकांकडे दिले. आता रोज सकाळी जे शिजले नसेल त्यावर टिकली लागते. वाचता न येणारी आजीबाई असो किंवा देवदर्शनाला आलेले परप्रांतीय कुटुंब असो, सगळेच त्या कागदावर बोट ठेवून मागतात. आमच्या आईने मात्र टिकल्यांची चौकशी बरेच दिवस चालू ठेवली होती.

संबोधनाचा विषयही येथे यायला हवा. जुना वेटर भावाला ‘बाबू’ म्हणत असे. गोव्यातल्या वाचकांना सांगायला नको की ‘बाब’ हा मान आहे आणि ‘बाबू’ ही लहान मुलाला मारलेली हाक. फरक एका उकाराचा आहे, पण तिशी ओलांडलेल्या माणसाला तो जाणवतो. भावाने दोनदा सांगितल्यावर त्याला ‘बाब’ म्हणू लागले. खिरीचेही असेच झाले. मालक प्रेमाने त्याला दर वेळी खीर फुकट देत. एका शनिवारी भावाने वाटी परत सरकवली आणि ‘‘फुकट नाका. हांव पयशे दितां’’ (फुकट नको, मी पैसे देतो) असे म्हटले. मालकांना ते लागले, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसले, पण त्यांनी खीर बिलात धरली. बिल आता भावासमोर ठेवले जाते, तो पाचशेची नोट देतो आणि सुटे पैसे त्याच्या तळहातावर एकेक नोट मोजून परत केले जातात. यात कधी कधी माझी पुढची बस चुकते.

उणिवाही आहेत. वेटर बदलला की सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, कारण मालकांनी ही रीत कोणाला शिकवलेली नाही. ते स्वतः गल्ल्यावर नसतील त्या दिवशी प्रश्न परत माझ्याकडे येतो. बिलावरची अक्षरे अजून इतकी बारीक आहेत की मलाही चष्मा लावावा लागतो. दूरदर्शन संच सतत मोठ्या आवाजात चालू असतो. भावाच्या गटातील एक स्वमग्न मित्र याच कारणाने दहा मिनिटांत उठून गेला आणि पुन्हा आला नाही. आवाज कमी करण्याविषयी भावाने सांगितले आहे, पण तेवढे अद्याप ऐकले गेलेले नाही. हात धुण्याच्या जागेपाशी एक उंच पायरी आहे आणि तिला कठडा नाही.

साधी थाळी १८० रुपये, इसवणाची २८०. दुपारी साडेबारापूर्वी गेल्यास जागा मिळते आणि किसमूरही कुरकुरीत मिळण्याची शक्यता असते. भावाने पाचांपैकी चार तारे दिले आहेत. एक त्याने टीव्हीसाठी कापला. मी साडेतीनच दिले असते, पण आमचे त्यावर एकमत झाले नाही आणि या वेळी बिल त्याने भरले होते.