मुरुगनाची तीन व्रते: शुक्रवार, कृत्तिका की षष्ठी?

चेन्नईत किंवा कोइमतूरला नोकरीनिमित्त जाऊन स्थिरावलेल्या मराठी घरात दोन-तीन वर्षांनी हा प्रश्न हमखास निघतो. शेजारच्या मामी महिन्यातून एक दिवस दुपारपर्यंत पाण्यावर असतात, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर अमावास्या, पौर्णिमा, कृत्तिका, षष्ठी, प्रदोष अशी त्या महिन्यातल्या व्रतदिनांची यादी छापलेली असते, आणि ती पाहून आपणही मुरुगनाचे, म्हणजे तिकडच्या कार्तिकस्वामीचे, एखादे व्रत धरावे असे मनात येते. तमिळ परंपरेत अशी तीन व्रते मुख्य मानली जातात: शुक्रवारचे, कृत्तिका नक्षत्राचे आणि षष्ठी तिथीचे. कच्चियप्प शिवाचार्यांच्या ‘कंदपुराणम्’ या तमिळ ग्रंथात वसिष्ठांनी मुचुकुंद राजाला हीच तीन सांगितली आहेत.

कोणत्या व्रताचे फळ मोठे, या वादात शिरण्यात अर्थ नाही, कारण फळ तिन्हींचे भरभरून सांगितलेले आहे. निवड करणाऱ्याने आधी पाहावे ते हे की व्रत कालगणनेच्या कोणत्या खुंटीला टांगलेले आहे. एक वाराला, दुसरे नक्षत्राला आणि तिसरे तिथीला बांधलेले आहे. ते पाळणे किती जमेल, हे बहुतांशी यावरूनच ठरते.

मराठी माणसाचा पहिला गोंधळ महिन्यांपासून होतो. आपला महिना चंद्राचा, तर तमिळ महिना सूर्याचा. सूर्य राशी बदलतो तेव्हा तो सुरू होतो, त्याचे दिवस 29 पासून 32 पर्यंत असू शकतात, आणि वर्षारंभ म्हणजे चित्तिरै महिन्याचा पहिला दिवस 14 एप्रिलच्या सुमारास येतो. मात्र या सौर महिन्यात सणाचा नेमका दिवस बहुधा चंद्रावरून ठरतो, आणि त्यातही तिथीपेक्षा नक्षत्राला मान अधिक. आपण ‘आषाढी एकादशी’ म्हणतो, म्हणजे महिना आणि तिथी. तिकडे ‘तै पूसम्’, ‘वैकासी विसाकम्’, ‘पंगुनी उत्तिरम्’ अशी महिना आणि नक्षत्र यांची जोडी असते. ही रीत ध्यानात आली की कृत्तिकेचे व्रत परके वाटत नाही.

शुक्रवारचे व्रत पाळायला सर्वांत सोपे, कारण त्याला पंचांग लागत नाही. ऐप्पसी महिन्यातल्या, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या मध्यानंतरच्या, पहिल्या शुक्रवारी ते सुरू करण्याचा प्रघात आहे. सतत फिरतीवर असणाऱ्याला किंवा परदेशात राहणाऱ्याला ते सोयीचे आहे. शुक्रवार जगात कुठेही शुक्रवारच असतो. अडचण एवढीच की तमिळ घरात शुक्रवार आधी देवीचा असतो, आणि मुरुगनाचा वार म्हणून आजकाल लोकांच्या तोंडी मंगळवारच अधिक असतो. त्यामुळे या व्रताला सोबत कमी मिळते, आणि माझ्या मते एकट्याने धरलेले साप्ताहिक व्रत सर्वांत लवकर सुटते.

कृत्तिकेची गोष्ट वेगळी. सहा कृत्तिकांनी बाळ स्कंदाला दूध पाजले, म्हणून त्यांच्या नक्षत्राच्या दिवशी हे व्रत. चंद्र साधारण सव्वासत्तावीस दिवसांनी त्याच नक्षत्रात परत येतो, म्हणून वर्षात तेरा, कधी चौदा कृत्तिका पडतात आणि एखाद्या सौर महिन्यात दोनही येतात. रीतसर पाळायचे तर त्याचे तीन टप्पे आहेत. आदल्या दिवशी, भरणी नक्षत्रावर, दुपारी जेवून रात्रीचे जेवण टाळायचे, कृत्तिकेला उपास करायचा आणि रोहिणीला सकाळी पारणे करायचे. नारदाने हे व्रत बारा वर्षे केले, अशी कथा आहे. ज्याला इतके झेपत नाही त्याने वर्षातल्या तीन मोठ्या कृत्तिका तरी धराव्यात, असे वडीलधारी मंडळी सांगतात: तै, आडी आणि कार्तिगै या महिन्यांतल्या. आडी कृत्तिकेला तिरुत्तणीच्या डोंगरावर फुलांच्या कावडी घेऊन जाणाऱ्यांची रीघ लागते. कार्तिगैतल्या कृत्तिकेला तिरुवण्णामलैच्या डोंगरमाथ्यावर तुपाचा महादीप उजळतो आणि घरोघरी उंबऱ्यापासून पणत्या लागतात.

मराठी वाचकाला इथे थोडे थबकायला होते. आपल्याकडे कार्तिकस्वामी ब्रह्मचारी, आणि कार्तिक पौर्णिमेला कृत्तिकेचा योग सोडला तर बायकांनी त्याचे दर्शन घ्यायचे नाही, असा जुना दंडक. पुण्याच्या पर्वतीवरच्या देवळाचीही हीच ख्याती. तमिळ मुरुगन मात्र वळ्ळी आणि देवयानै या दोघींचा नवरा आहे, आणि त्याची व्रते करण्यात बायकाच पुढे असतात. सासूबाईंनी हरकत घेतली तर एवढे सांगितले तरी पुरे.

षष्ठीच्या व्रताची दोन रूपे आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. एक मासिक, दर शुक्ल षष्ठीचे, वर्षातून बारा-तेरा वेळा येणारे. दुसरे वार्षिक, स्कंद षष्ठीचे, ऐप्पसीतल्या अमावास्येनंतर प्रतिपदेपासून सहा दिवसांचे. मूल व्हावे म्हणून हे व्रत धरणारे पुष्कळ. ‘सट्टियिल इरुंदाल अगप्पैयिल वरुम्’, म्हणजे मडक्यात असेल तर पळीत येईल, ही म्हण आहे स्वयंपाकघरातली; पण ‘सट्टि’त ‘षष्ठी’ ऐकायची आणि ‘अगप्पै’त ‘आतली पिशवी’ म्हणजे गर्भाशय, आणि म्हणीचा अर्थ व्रतावर न्यायचा, ही तिथल्या आज्यांची आवडती कोटी. कोणी फक्त दूध-फळांवर राहतात, कोणी एकवेळ जेवतात, तर कोणी ‘मिळगु विरदम्’ करतात: पहिल्या दिवशी एक मिरा, दुसऱ्या दिवशी दोन, असे सहाव्या दिवशी सहा मिरे, आणि बाकी पाणी. संध्याकाळी देवापुढे तांदळाच्या पिठाने षट्कोन काढतात, त्याच्या सहा कोनांत ‘स-र-व-ण-भ-व’ ही अक्षरे लिहितात आणि प्रत्येक अक्षरावर एक तुपाचा दिवा ठेवतात. तिरुच्चेंदूरला समुद्रकाठी सहाव्या दिवशी शूरसंहार, म्हणजे मुरुगनाने शूरपद्म दैत्याला मारल्याचा सोहळा, होतो. कित्येक जण सहाही दिवस देवळाच्या परिसरात मुक्काम करून असतात. तिरुत्तणीला मात्र संहार होत नाही, कारण देवाचा राग शांत झाला तो तिथेच.

या सहा दिवसांची मराठी घरातली खरी पंचाईत निराळीच आहे. ऐप्पसीतल्या अमावास्येनंतरची प्रतिपदा म्हणजे बहुतेक वर्षी आपला दिवाळीचा पाडवा, आणि व्रताचा दुसरा दिवस म्हणजे भाऊबीज. फराळाचे डबे उघडे, भाऊ दारात आणि ताई मिऱ्याच्या दोन दाण्यांवर, हे चित्र मी पाहिलेले आहे आणि ते कोणालाच सुखाचे नव्हते. शिवाय ज्यांचे कुलदैवत खंडोबा आहे त्यांच्याकडे बरोबर महिन्याने, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून चंपाषष्ठीपर्यंत, षड्रात्र बसतेच. तेही सहा दिवसांचे, तेही दैत्यवधाचे. दोन्ही नेटाने होणार असतील तर उत्तम. एकच झेपणार असेल तर कुळाचार मोडून नवे व्रत धरू नये.

खाण्याबद्दल एक गैरसमज आधीच दूर करावा. तमिळ उपासात आपल्यासारखे ‘उपासाचे पदार्थ’ असे वेगळे खाते नाही. एकवेळचे जेवण म्हणजे कांदा-लसणाविना केलेला साधा सांबार-भात, आणि रात्री फार तर इडली किंवा उपमा. साबुदाण्याची खिचडी पाहून मामी चकित होतात, कारण त्यांच्याकडे ‘जव्वरिसि’ पायसात आणि वाळवणाच्या ‘वडाम’मध्ये जाते. गंमत अशी की महाराष्ट्राच्या एकादशीला लागणारा साबुदाणा मोठ्या प्रमाणावर तमिळनाडूतल्या सेलमच्या कारखान्यांतून येतो. मराठी घराने खिचडी खावी की इडली, हे घराने ठरवावे. मात्र ‘उपास’ सांगून मामींसमोर बटाट्याचे वेफर्स खाऊ नयेत. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील तर सहा दिवसांचा कडक प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

तेव्हा ज्याला महिन्यातून एकदाच नेम हवा, शेजारची सोबत हवी आणि देवळात जाण्याचे निमित्तही हवे, त्याने कृत्तिका धरावी. चतुर्थी-एकादशीच्या सवयीमुळे तिथीनेच चालणे ज्याला बरे वाटते, किंवा ज्याचे अर्धे वर्ष पुण्यात जाते, त्याला मासिक शुक्ल षष्ठी सोयीची, कारण ती आपल्या पंचांगातही सहज सापडते. स्कंद षष्ठीला पहिल्याच वर्षी हात घालू नये. शुक्रवार फक्त फिरतीवरच्या माणसाने निवडावा.

यांपैकी काहीही धरले तरी पंचांग एकच ठरवावे लागते. तमिळनाडूत ‘वाक्य’ आणि ‘तिरुक्कणित’ अशा दोन पद्धती चालतात. वाक्य जुन्या सूत्रांवर चालते, तर तिरुक्कणित आजच्या वेधांशी जुळवून घेतलेले असते, आणि दोन्हींत तिथी-नक्षत्राच्या वेळा कधी काही तासांनी वेगळ्या पडतात, तेवढ्याने व्रताचा दिवसही पुढे-मागे होऊ शकतो. टिळक पंचांगाच्या घरचे गणपती कधीकधी महिनाभर आधी बसलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचे नवल वाटणार नाही. पुष्कळ देवळे वाक्य पंचांग मानतात, आणि मुखपृष्ठावर साप असलेले ‘पांबु पंचांगम्’ त्याच पद्धतीचे. ज्या देवळात तुम्ही दर्शनाला जाणार तिथे कोणते पंचांग चालते ते गुरुक्कलांना, म्हणजे तिथल्या पुजाऱ्यांना, विचारून घ्यावे आणि घरात त्याच पद्धतीची दिनदर्शिका लावावी.