चिऱ्याच्या घरातलं वायफाय: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

रत्नागिरीजवळ आमचं जांभ्या चिऱ्याचं कौलारू घर आहे, भिंती फूटभराहून जाड. फायबरचं कनेक्शन ओटीवर आलं, पण माजघराच्या पलीकडे, जिथे माझं काम आणि पुतणीचा अभ्यास चालतो, तिथे जेमतेम एक दांडी रेंज यायची. गेल्या दिवाळीत सगळी जोडणी नव्याने केली. आता उन्हाळा आणि अख्खा पावसाळा काढून झाल्यावर लिहितोय, कारण अशा घरासाठी दुकानात पहिला सल्ला मिळतो तो 'जास्त अँटेनावाला राऊटर घ्या' हाच, आणि तो घेऊन पैसे वाया जातात.

अँटेना कितीही असू देत, चिऱ्यापुढे त्यांचं फारसं चालत नाही. वायफायच्या लहरींचे दोन पट्टे असतात. 5 गिगाहर्ट्झला वेग भरपूर, पण पहिल्याच भिंतीत त्याचा दम जातो. 2.4 गिगाहर्ट्झ भिंती ओलांडतो, पण हळू. मित्राचा रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे पाठवणारा डबा, आणून लावून पाहिला. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे पाठवतो, त्यामुळे वेग निम्मा तरी होतोच. व्हिडिओ कॉलला आवाज तुटायचा तो तुटतच राहिला.

मग सरळ वायर ओढली. ओटीवरच्या राऊटरपासून पडवीच्या वाशांखालून मागच्या खोलीपर्यंत कॅट 6 केबल (नेटवर्कची आठ तारांची केबल), पीव्हीसी पाइपातून, कारण कौलारू घरात उंदीर असतातच. तिच्या टोकाला दुसरा राऊटर, ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे तो फक्त वायफाय पसरवतो. या मोडमध्ये प्रत्येक उपकरणाला नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) द्यायचं काम एकटा पहिला राऊटर करतो, सगळं एकाच नेटवर्कवर राहतं, म्हणून ओटीवरचा प्रिंटर मागच्या खोलीतल्या लॅपटॉपलाही दिसतो. दोन्हींना नाव आणि पासवर्ड एकच दिला. 2.4 वर एकाला चॅनेल 1, दुसऱ्याला 11, म्हणजे ते एकमेकांच्या आड येत नाहीत.

केबल घेताना मात्र डोळ्यात तेल घालून घ्या. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबलही त्याच रंगात मिळते. ब्लेडने तार खरवडली की आतून पांढुरकी निघते, ती घेऊ नका. दुसरी गोष्ट क्रिंपिंगची, म्हणजे केबलच्या टोकाला कनेक्टर दाबून बसवण्याची. आमच्याकडे आलेल्या कारागिराने आठपैकी चारच तारा जोडल्या होत्या. नेट चालू होतं, म्हणून कुणाला शंका आली नाही, पण 200 एमबीपीएसच्या प्लॅनवर मागच्या खोलीत वेग कायम 94-95 वर अडकलेला. हा आकडा दिसला की समजावं, जोडणी 100 एमबीपीएसवर चालली आहे. गिगाबिटला (1000 एमबीपीएस) आठही तारा लागतात. नवे कनेक्टर लावून घेतले: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, दोन्ही टोकांना हाच क्रम. त्याच संध्याकाळी मागच्या खोलीत प्लॅनचा पूर्ण वेग मिळाला.

आमच्याकडे वीज जाणं नित्याचं. 12 व्होल्टचा छोटा यूपीएस फायबरच्या डब्याला आणि पहिल्या राऊटरला लावलाय. घेण्याआधी ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळतात का ते बघाच. वळवाचा गडगडाट सुरू झाला की मी ॲडॉप्टर आणि लांब केबल दोन्ही काढून ठेवतो, तांब्याच्या तारेतून झटका येऊ शकतो.

सुरक्षेचं थोडक्यात: राऊटरच्या तळावर छापलेला ॲडमिन पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा, वायफायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए2 किंवा 3 ठेवा. गणपतीत चाकरमानी आले की घर भरतं, त्यांच्यासाठी गेस्ट नेटवर्क सुरू केलं होतं. ते ओटीवर छान चाललं, पण आमच्या दुसऱ्या राऊटरवर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये ती सोयच नाही. तुम्हाला हवी असेल तर मॉडेल घेण्याआधी विचारून घ्या.

एक कुरकुर अजून आहे. ओटीवरून मागे चालत गेलं तरी फोन ओटीवरच्याच राऊटरला धरून बसतो. त्याची ट्रान्समिट पॉवर (सिग्नलचा जोर) मध्यमवर आणल्यावर बराच फरक पडला, पण आईच्या जुन्या फोनचं वायफाय अजूनही कधीकधी बंद-चालू करावं लागतं.