काजव्याचं जीन की अळंबीचं?

अंधारात चमकणारं झाड बनवायचं तर जीन काजव्याचं घ्यायचं की अळंबीचं, मला विचाराल तर अळंबीचंच. काजव्याचा प्रयोग जुना, 1986 सालचा, तंबाखूच्या रोपात ते जीन घातलं आणि रोप उजळलं पण, फक्त ल्युसिफेरिन नावाचं, ज्यातून उजेड निघतो ते केमिकल बाहेरून द्यावं लागायचं, ते संपलं की परत काळोख.

अळंबीचं तसं नाही. झाडात कॅफिक ॲसिड मुळातच असतं, अळंबीची एन्झाइम्स त्यापासूनच ल्युसिफेरिन बनवतात आणि वापरून झालेलं परत कॅफिक ॲसिडवर आणतात, म्हणजे चक्र फिरतच राहतं आणि रोप जिवंत आहे तोवर हिरवट उजेड. 2024 पासून अमेरिकेत असं पिटुनिया विकतात, कळ्या सगळ्यात जास्त चमकतात.

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात पावसात म्हादईच्या रानात कुजक्या ओल्या फांद्यांवर अशी अळंबी बघायला मिळते. टॉर्च बंद करून डोळे जरा सरावू द्यायचे, आधी धूसर ठिपका दिसतो आणि मग हळूहळू अख्खी काटकी हिरवी, अंगावर काटा येतो अगदी! जात वेगळी असली तरी केमिस्ट्री तीच. फक्त कुंडीतलं रोप घेऊन रस्त्यावरचे दिवे बंद करता येतील असं कुणी समजू नका, उजेड तेवढा नसतो.